कादंबरीचे दिवस भरले काय?

“कादंबरी आतां कोण वाचतो?” हा प्रश्न अलीकडे इतक्या सहजपणें विचारला जातो कीं, विचारणाऱ्यास उत्तराची अपेक्षाच नसते असें वाटूं लागतें. प्रत्येकाच्या हातांत मोबाइल आला आहे. त्यांत बातमी आहे, गाणें आहे, नाटक-सिनेमा आहे, आप्तेष्टांची खुशाली आहे, आणि सर्व जगाचें भांडणहि आहे. अशा स्थितींत चारशें पानांचें पुस्तक घेऊन आठ आठ दिवस एका कल्पित कुटुंबाच्या सुखदुःखांत मन गुंतविणें हा एक तर रिकामटेकड्यांचा विलास, नाहीं तर परीक्षार्थींवरची सक्ती, असें चांगलीं सुशिक्षित माणसेंहि बोलतात. सावद्यासारख्या केळीच्या बागांनीं वेढलेल्या खानदेशी गांवीं बसून आम्ही हा विचार करीत आहोंत, म्हणून तो कोणास अस्थानीं वाटेल. परंतु केळीचा भाव आणि वाऱ्या-पावसाचा अंदाज मोबाइलवर पाहिल्यावांचून जेथें शेतकऱ्याचा दिवस उजाडत नाहीं, तेथें हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षां कमी निकडीचा नाहीं. उलट, पुढें जें कारण आम्ही दाखविणार आहोंत त्या कारणानें तो येथें अधिकच निकडीचा आहे.

कादंबरीच्या कैवाऱ्यांचें यावर एक ठराविक उत्तर असतें. ते म्हणतात, १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, १९२७ सालीं मुंबईस नभोवाणी सुरू झाली, १९७२ सालीं तेथेंच दूरचित्रवाणी आली; वाचनाचा अंत जवळ आल्याची हाकाटी नव्या शोधाबरोबर नेहमींच होते, आणि पुस्तक आपलें टिकून राहतें. उदाहरण आमच्याच खानदेशांतलें. अमळनेरच्या शाळेंत शिकविलेल्या साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली. ती १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. १९५३ सालीं आचार्य अत्रे यांनीं तिचा चित्रपट केला व तो गाजला. तथापि चित्रपट पाहिला, आतां पुस्तक कशाला, असें मराठी घरांनीं म्हटलें नाहीं. हें सर्व खरें आहे; पण एवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं. तीन दुखण्यांतून उठलेला रोगी चौथ्यांतूनहि उठेलच, अशी हमी कोणता शहाणा वैद्य देईल? दुखणें कोणतें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

या चौथ्या दुखण्याची जात निराळी आहे. सिनेमास त्याची जागा होती व त्याची वेळ होती; खेळ संपला कीं माणूस घरीं येई. नभोवाणीचा संच माजघरांत फळीवर असे, व रात्रीं तो मुका होई. दूरचित्रवाणीनें संध्याकाळ घेतली, पण दुपार व मध्यरात्र बराच काळ सोडली होती. मोबाइलास जागा नाहीं आणि वेळहि नाहीं. ज्या हातानें पुस्तक धरावयाचें त्याच हातांत तो असतो, आणि ज्या उशाशीं पुस्तक असे त्याच उशाशीं तो निजतो. शिवाय त्यांतील बहुतेक खेळांचा धंदाच असा कीं, आपली नजर त्यांच्याकडे जितक्या वेळां वळेल तितका त्यांचा लाभ. म्हणून कोणत्याहि एका गोष्टीवर ती फार वेळ ठरूं नये, अशीच त्यांची मांडणी असते. कादंबरीस लागणारें भांडवल म्हणजे वाचकाचें सलग अवधान. तेंच कोणी फुटकळ विकावयास काढलें, तर कादंबरीनें भिऊं नये असें म्हणणें धीटपणाचें होईल, शहाणपणाचें होणार नाहीं.

तेव्हां प्रतिपक्षास जें द्यावयास पाहिजे तें प्रथम मोकळ्या मनानें देऊन टाकूं. कादंबरी आजवर तीन कामें करीत आली. पहिलें काम वेळ घालविण्याचें. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० सालीं साप्ताहिक काढलें, त्याचें नांवच मुळीं ‘करमणूक’. दुसरें काम माहिती पुरविण्याचें. दूरचे मुलूख, जुने दरबार, अपरिचित धंदे व जाती यांची ओळख मराठी वाचकानें पुष्कळशी कादंबऱ्यांतूनच करून घेतली. हीं दोन्ही कामें मोबाइलनें तिच्या हातून काढून घेतलीं आहेत, आणि तीं परत मिळण्याचा संभव नाहीं. करमणूक तो अधिक स्वस्त देतो. माहिती तो अधिक जलद देतो. ज्या कादंबऱ्यांत वेळ घालविण्यापलीकडे कांहीं नव्हतें त्यांचे दिवस भरले. आणि ज्या कादंबरीकारांनीं बखरींतले व गॅझेटिअरमधले उतारे पात्रांच्या तोंडीं घालून ग्रंथ फुगविले, त्यांचेहि दिवस भरले. याबद्दल शोक करण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. छायाचित्रण आलें तेव्हां हुबेहूब चेहरा काढून देण्याचें चित्रकाराचें काम गेलें. पण चित्रकला त्यामुळें मेली नाहीं, तिला आपलें खरें काम कोणतें याचा शोध मात्र घ्यावा लागला. कादंबरीवर आज तोच प्रसंग आला आहे. तिचें तिसरें काम कोणतें, आणि तें दुसरें कोणी करूं शकतें काय, एवढाच आतां प्रश्न आहे.

याचें उत्तर आम्हांस मराठी कादंबरीच्या एका जुन्या वर्षांत सांपडतें. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीचें वय दहावरून बारावर न्यावें कीं न्यावें नये, यावर त्यापूर्वीं महाराष्ट्रांत जें रण माजलें तें प्रसिद्धच आहे. ‘केसरी’ एका बाजूस, ‘सुधारक’ दुसऱ्या बाजूस. सभा झाल्या, सभा उधळल्या गेल्या, अर्ज गेले, शास्त्रार्थ झाले, आणि एकमेकांच्या हेतूंविषयीं जें लिहावयाचें नाहीं तेंहि लिहिलें गेलें. आज मोबाइलवर जो गलबला आपण ऐकतों, त्याहून त्या गलबल्याची जात फारशी निराळी नव्हती. त्याला कागद लागे, एवढाच भेद. नेमक्या त्याच सुमारास ‘करमणुकी’च्या अंकांतून ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः येऊं लागली. तींत यमू नांवाची एक बाई आपली हकीकत स्वतः सांगते: माहेर, लग्न, सासर, थोडेसें सुख, वैधव्य, आणि शेवटीं बळजबरीनें केलेलें केशवपन. हरिभाऊंनीं त्या वादांतील एकहि मुद्दा खोडला नाहीं किंवा मांडला नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या मुलीच्या नांवानें दोन्ही बाजू भांडत होत्या, ती मुलगी त्या सबंध भांडणांत कोठेंच बोलत नव्हती. ती बोलली तेवढी या कादंबरींत. त्या वेळचे अग्रलेख आज अभ्यासक काढून पाहतात. यमूची कहाणी मात्र सामान्य घरांतली मुलगी आजहि वाचते व मध्येंच पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसते.

कादंबरीचें तिसरें काम हेंच. मतें सर्वत्र मिळतात. तीं मतें ज्याच्या अंगावर पडतात त्याचें वर्षानुवर्षांचें जगणें आंतून कसें असतें, हें दाखविण्यास कादंबरीवांचून दुसरें साधन आम्हांस ठाऊक नाहीं. कविता एक क्षण देते, नाटक एक संघर्ष देतें, बातमी एक दिवस देते. एका निर्णयाचें फळ वीस वर्षांनीं कसें येतें, लहानपणीं ऐकलेला एक शब्द प्रौढपणीं माणसाच्या हातून काय करवितो, हें कळण्यास जो काळाचा विस्तार लागतो, तो कादंबरीपाशीं आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांचें देहावसान १९२६ सालीं धुळ्यास झालें, व त्यांचें संशोधन-मंडळ तेथें उभें आहे. अस्सल कागदावांचून बोलावयाचें नाहीं अशी ज्या पुरुषाची ख्याति, त्यानें १९०२ सालीं ‘कादंबरी’ या विषयावर एक मोठा निबंध लिहून मराठी कादंबरीची परीक्षा करावी, याचें कोणास नवल वाटेल. आम्हांस वाटत नाहीं. कागदांत काय सांपडतें हें ज्यास पुरें कळलें, त्यासच कागदांत काय सांपडत नाहीं हेंहि कळतें. सावद्याच्या शेजारींच फैजपूर आहे. तेथें १९३६ च्या डिसेंबरांत पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच. त्याचीं भाषणें छापलेलीं आहेत, ठराव आहेत, छायाचित्रें आहेत. परंतु त्या आठवड्यांत गर्दीला भाकरी थापून देणाऱ्या घरांतील सुनेच्या मनांत काय चाललें होतें, हें कोणत्या दप्तरांत पहावयाचें?

यावर आक्षेप असा येईल कीं, आजचा वाचक तुकड्या-तुकड्यांनीं वाचतो, त्याचें मन तुकड्यांचें झालें आहे. तुमचा हा दीर्घ विस्तार त्याला झेपणार कसा? आक्षेप खरा आहे, पण तो तुकड्यांवर घेण्यांत चूक आहे. याच पंचक्रोशींतील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनीं वयाच्या पंचविसाव्या वर्षीं लिहिलेली ‘कोसला’ १९६३ सालीं प्रसिद्ध झाली. ती उघडून पहा. रोजनिशीच्या नोंदी, वसतिगृहांतले किस्से, याद्या, इतिहासलेखनाची टिंगल, असे किती तरी तुकडे तींत आहेत. शिस्तशीर कथानक मागणाऱ्या वाचकास ती प्रथम विस्कळितच वाटते. मग ती कादंबरी कशानें झाली? ते सर्व तुकडे पांडुरंग सांगवीकर या एकाच मुलाच्या मनाशीं बांधलेले आहेत, आणि त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूनें त्या सर्वांचा अर्थ बदलतो, म्हणून. देवीच्या आजारानें ती पोर जाते, आणि तोंवर ज्या थट्टेनें आपण हंसलों ती थट्टा कशावर पांघरूण घालीत होती, तें एकदम उमगतें. हंसण्याच्या व रडण्याच्या मधलीं शंभर पानें जो गाळील, त्यास तें उमगणार नाहीं.

आतां आपल्या हातांतल्या तुकड्यांकडे पहा. सकाळीं गांवच्या एखाद्या गटावर कोणाच्या निधनाची वार्ता येते. पांच मिनिटांत पन्नास हात जोडलेले दिसतात. लागलीच खालीं केळीचा भाव येतो, मग कोणाचा वाढदिवस, मग एक विनोद. यांत कोणाचा दुष्टपणा नाहीं. हात जोडणारांतले कित्येक खरोखर हळहळलेले असतात. पण त्या हळहळीस राहावयास जागा नाहीं. पुढचा तुकडा मागच्याशीं बांधलेला नसल्यामुळें दुःखाचा अर्थ कशालाच चिकटत नाहीं. तुकडे ‘कोसला’तहि आहेत आणि मोबाइलमध्येंहि आहेत; एकीकडे त्यांस धरून ठेवणारें मन आहे, दुसरीकडे नाहीं. तें मन पुरविणें हें कादंबरीकाराचें काम आहे. आणि जगणें जितकें तुकड्यांचें होईल, तितकी त्या कामाची गरज वाढेल, कमी होणार नाहीं.

म्हणून माध्यमाचाच दुस्वास करणारांत आम्ही नाहीं. हरिभाऊंची कादंबरी प्रथम ग्रंथरूपानें आली नाहीं. ती आठवड्यागणिक आली. आज २०१४ सालीं सुरू झालेल्या ‘प्रतिलिपि’सारख्या ठिकाणीं मराठी लेखक-लेखिका भागाभागांनीं कथा-कादंबऱ्या लिहितात, हा त्याच प्रथेचा नवा अवतार म्हणावा लागेल. गृहिणी काम करतांना कानांत घालून कादंबरी ऐकतात. तेंहि आम्हांस गैर वाटत नाहीं. ज्या समाजानें चातुर्मासांत पोथी ऐकून आपलें मन घडविलें, त्यानें श्रवणास कमी लेखणें कृतघ्नपणाचें होईल. भेद फक्त एका गोष्टींत आहे, आणि तो मोठा आहे. ‘करमणुकी’चा अंक वाचून झाल्यावर सात दिवस यमूची गोष्ट वाचकाच्या मनांत मुरत असे. आज भाग संपतांच वाचक आपलें मत टाकतो. किती जणांनीं वाचलें याचा आंकडा लेखकासमोर नाचतो. आणि पुढच्या भागांत नायिकेस मारावें कीं तारावें याचा निर्णय नकळत त्या आंकड्याच्या हातीं जातो. वाचकास काय आवडेल हें ओळखून लिहिणारा लेखक लोकप्रिय होईल. वाचकास जें पाहावत नाहीं तेंहि दाखवावयाचें, ही कादंबरीकाराची जुनी जबाबदारी त्याच्या हातून पार पडेल कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे. हरिभाऊंनीं यमूच्या केशवपनावर वाचकांचीं मतें घेतलीं असतीं, तर तें खचित टळलें असतें, आणि कादंबरीहि टळली असती.

या युगाबद्दल कादंबरीनें स्वतः काय म्हटलें आहे, हेंहि पाहण्यासारखें आहे. नंदा खरे यांची ‘उद्या’ ही कादंबरी २०१४ सालीं आली. माणसांची बारीक-सारीक माहिती गोळा करून त्यांच्यावर पाळत ठेवणारी सत्ता, आणि तिच्या छायेंत वांकत जाणारीं साधीं माणसें, हा तिचा विषय. साहित्य अकादमीनें २०२० चा पुरस्कार तिला जाहीर केला; लेखकानें तो नम्रपणें नाकारला; २०२२ सालीं ते वारले. आपल्याविषयींची किती माहिती कोण कोठें सांठवितो, यावर लेख पुष्कळ निघतात. ते वाचून आपण क्षणभर चपापतों व पुन्हां ‘मान्य आहे’ असें बटण दाबतों. तसें जगण्याची माणसास संवय कशी लागते, हें दाखविण्यास मात्र कादंबरीच लागली. ज्या युगानें कादंबरी निरुपयोगी ठरविली म्हणतात, त्या युगाचीच परीक्षा कादंबरी करीत आहे.

आतां जें कारण सांगण्याचें आम्हीं प्रारंभीं कबूल केलें तें सांगतों. यंत्र आतां स्वतः लिहूं लागलें आहे. त्यास विषय सांगितला कीं तें मराठींत कथा जुळवून देतें. तिचें व्याकरण पुष्कळदां शुद्ध असतें, आणि वाक्यें गुळगुळीत असतात. मग कादंबरीकार हवा कशाला, असा प्रश्न आमचे विद्यार्थीच आम्हांस विचारतात. यंत्र जें शिकतें तें पूर्वीं लिहिलें गेलेल्या मजकुरावरून शिकतें. पुण्याच्या सदाशिव पेठेविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तेथील बैठक, तेथील बोलणें यंत्रास ठाऊक असेल. पण सावदा-रावेर-यावलकडील लेवा गणबोली, धुळ्याकडील अहिराणी, सातपुड्यांतल्या पावरा व तडवी लोकांचें जगणें यांविषयीं छापलें गेलें तें किती? मृगबागेची केळी वादळानें एका रात्रींत आडवी झाल्यावर बाप लेकाशीं काय बोलतो, आणि काय बोलत नाहीं, हें कोठें लिहून ठेवलें आहे? जें लिहिलें गेलें नाहीं तें यंत्रास ठाऊक नाहीं. आणि ठाऊक नाहीं असें म्हणण्याऐवजीं तें पुण्याचाच बाप सावद्यास आणून बसवितें. हळूहळू आमचीं मुलें त्या उसन्या बापासच आपला बाप समजूं लागतील, ही भीति आम्हांस काल्पनिक वाटत नाहीं.

बहिणाबाई चौधरी यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांच्या ओव्या जवळच्या माणसांनीं टिपून ठेवल्या नसत्या, आणि १९५२ सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरांत, त्या छापून निघाल्या नसत्या, तर खानदेशची एक सबंध दृष्टि या भाषेंतून पुसली गेली असती. आणि ती होती, हेंहि कोणास कळलें नसतें. कवितेचें हें झालें. ज्या घरांतून त्या ओव्या निघाल्या, त्या घराचें उठणें-बसणें, देणें-घेणें, रुसणें-फुगणें सबंध पकडण्यास कादंबरीच पाहिजे. नेमाड्यांनीं ‘कोसला’पासून २०१० च्या ‘हिंदू’पर्यंत तें काम केलें, व २०१४ च्या ज्ञानपीठ पुरस्कारानें त्याचा गौरवहि झाला. परंतु एका लेखकानें एक मुलूख लिहून संपत नसतो. ज्या बोलींचें, ज्या जातीजमातींचें, ज्या धंद्यांचें व ज्या स्त्रियांचें जगणें अजून पुस्तकांत आलेलें नाहीं, त्यांच्यासाठीं कादंबरीचा काळ संपण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. तो नुकता सुरू होत आहे. मोठ्या शहरांस कादंबरीचा कंटाळा येणें परवडेल. आम्हांस तें परवडणार नाहीं.

असें असतां आमचें आचरण कसें आहे? २०२४ च्या फेब्रुवारींत अमळनेरास सत्त्याण्णवावें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. १९५२ नंतर तेथें तें दुसऱ्यांदा आलें, व अध्यक्षस्थानीं रवींद्र शोभणे, म्हणजे एक कादंबरीकारच होते. कादंबरीकारास व्यासपीठावर बसविण्यांत आम्ही कमी पडत नाहीं. त्याचें पुस्तक घरांत आणण्यांत कमी पडतों. महाविद्यालयांचें तर विचारूंच नये. कादंबरी नेमलेली असते. विद्यार्थी तिचा सारांश मोबाइलवर पाहतो, म्हणून आम्ही प्राध्यापक मंडळी कपाळाला हात लावतों. पण मोबाइल येण्यापूर्वीं तोच विद्यार्थी बाजारांतलें गाइड वाचीत होता, आणि ज्या प्रश्नांचीं उत्तरें गाइडावरून देतां येतात तेच प्रश्न परीक्षेंत विचारले जात होते. “नायकाचें स्वभावचित्र रेखाटा” या प्रश्नानें जितके वाचक मारले, तितके कोणत्याहि यंत्रानें मारले नसतील.

सुशिक्षित कुटुंबांस आमची सूचना साधी आहे. मुलांच्या हातचा मोबाइल हिसकावून कादंबरी हातीं दिल्यानें वाचक घडत नाहीं. शिक्षेच्या रूपानें आलेलें पुस्तक मूल जन्मभर विसरत नाहीं व क्षमाहि करीत नाहीं. घरांतल्या वडील माणसांनीं रोज रात्रीं अर्धा तास स्वतः वाचावें, कधीं चार पानें मोठ्यानें वाचून दाखवावीं, आणि ज्या ठिकाणीं आपला आवाज अडखळला तें ठिकाण लपवूं नये. ‘श्यामची आई’ हें पुस्तकच मुळीं रात्रीं-रात्रींनीं सांगितलेल्या गोष्टींचें आहे. त्यास घरांतली रात्र लागते. ती रात्र आपण कोणास देऊन टाकली आहे, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

लेखकांस सांगणें त्याहून थोडें कठोर आहे. करमणूक व माहिती या दोन कुबड्या गेल्या आहेत. आतां स्वतःच्या पायांवर चाललें पाहिजे. जें मोबाइलवर दोन मिनिटांत मिळतें तें तीनशें पानांत देणाऱ्या लेखकानें वाचकाच्या अभिरुचीस दोष देऊं नये. जें कोठेंच मिळत नाहीं तें त्यानें द्यावें: आपल्या गांवचें, आपल्या बोलींतलें, आपल्याच घरांत ऐकलेलें पण कोणीं न लिहिलेलें. असें पुस्तक पहिल्या वर्षीं तीनशें माणसांनींच वाचलें, तरी तें फुकट गेलें असें आम्ही समजणार नाहीं. ज्याचें जगणें त्यांत आलें आहे, असा एक मुलगा केव्हां तरी तें उघडील, आणि आपल्याविषयींहि कोणीं इतक्या सावकाशपणें विचार केला होता, हें त्यास कळेल. सावद्याच्या मुलास तें कळविण्याची सोय आज तरी कादंबरीवांचून दुसऱ्या कोणापाशीं नाहीं.